लिंक एका लेखाची, बंदी अख्ख्या साइटवर

एखाद्या लेखावर आक्षेप येतो आणि तो बंद करण्याचा आदेश निघतो. आदेशात लेखाची पूर्ण लिंक असते, त्यामुळे वाचायला सगळं नेमकं वाटतं. पण साइट एचटीटीपीएसवर, म्हणजे सुरक्षित जोडणीवर, असेल तर इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला फार तर डोमेनचं, म्हणजे साइटचं, नाव दिसतं. त्यापुढचा पत्ता एन्क्रिप्टेड, म्हणजे सांकेतिक रूपात, असतो. तेवढा एक लेख अडवणं तिच्या हातातच नसतं. मग आदेश मोडल्याचा दंड भरा, नाहीतर अख्खं डोमेन बंद करा. कंपनी काय निवडेल हे सांगायला ज्योतिषी नको.

डीएनएसवरची, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या यंत्रणेतली, बंदी त्यातल्या त्यात सौम्य, आणि रिझॉल्व्हर (हा शोध घेणारा सर्व्हर) बदलला की बऱ्याचदा निष्प्रभ. आयपी पत्त्यावरची, म्हणजे सर्व्हरच्या आकडी पत्त्यावरची, बंदी मात्र आंधळी. इतरांच्या साइट्स वाचकांपर्यंत पोचवणाऱ्या क्लाउडफ्लेअरसारख्या सेवेच्या एकाच पत्त्यामागे असंख्य साइट्स असतात. ऑगस्ट २०२२मध्ये ऑस्ट्रियात पायरसीच्या वादातून तिचे ११ पत्ते अडवले गेले आणि काडीचाही संबंध नसलेल्या साइट्स बंद पडल्या. २०१८मध्ये रशियाने टेलिग्रामच्या मागे लागून ॲमेझॉन आणि गूगलचे लाखो पत्ते अडवले. टेलिग्राम चालूच राहिलं, भलत्याच सेवा कोलमडल्या.

राउटिंगमधली, म्हणजे डेटा कोणत्या वाटेने जायचा हे ठरवण्यातली, चूक तर सीमाही ओलांडते. २४ फेब्रुवारी २००८ला पाकिस्तान टेलिकॉमने यूट्यूब देशापुरतं अडवण्यासाठी २०८.६५.१५३.०/२४ हा पत्त्यांचा गट आपल्याकडे असल्याची घोषणा केली. यूट्यूबची स्वतःची घोषणा /२२ची, म्हणजे मोठ्या गटाची होती. दोन्ही समोर आल्या की राउटर छोटा, जास्त नेमका गट निवडतो. हाँगकाँगच्या पीसीसीडब्ल्यू या टेलिकॉम कंपनीने पाकिस्तानची ती घोषणा पुढे जाऊ दिली आणि जगात ठिकठिकाणी सुमारे दोन तास यूट्यूब उघडेना.

नागरी आणि राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारातलं कलम १९ बंधनासाठी तीन अटी घालतं: कायद्याचा आधार, मान्य हेतू आणि गरज. बहुतेक वाद हेतूवर रंगतो. माझ्या मते खरी गफलत तिसऱ्या अटीत होते, कारण आदेश कोणत्या थरावर (पान, डीएनएस, आयपी की राउटिंग) राबवायचा हे कोणी विचारतच नाही. म्हणून धोरणाच्या मसुद्यावर हरकती मागवल्या की ‘अभिव्यक्तीचं रक्षण करा’ एवढंच लिहून पाठवू नका. ठोस मागा: आधी लेखकाला किंवा होस्टला (साइट ठेवणाऱ्या कंपनीला) नोटीस, बंदीची मुदत, नाहक अडकलेल्या साइटसाठी तातडीची दाद, आणि अडवलेल्या पानाच्या जागी ४५१ हा स्टेटस कोड, म्हणजे ब्राउझरला मिळणारा उत्तराचा क्रमांक. कायदेशीर कारणाने अडवलेल्या मजकुरासाठीच तो २०१६मध्ये प्रमाणित झाला. ‘सर्व्हर सापडला नाही’ असं दिसलं तर वाचक बिघाड समजून निघून जातो आणि तक्रार होतच नाही.

बंदीची शंका आली तर ऊनी प्रोब हे मोफत ॲप चालवा. डीएनएसमध्ये फेरफार आहे, सर्व्हरशी जोडणी (टीसीपी) तुटते की पान मागवण्यात (एचटीटीपी) अडथळा आहे, याचा अंदाज ते देतं. मात्र निकाल तुमच्या नेटवर्कच्या नावासह जाहीर होतात. जिथे अशी तपासणी करणंच अंगाशी येऊ शकतं, तिथे आधी सेटिंग्जमध्ये जाऊन निकाल आपोआप अपलोड होणं बंद करा. तरीही तुम्ही ॲप चालवताय हे नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्याला कळू शकतं.