तुम्ही विचारलंत म्हणून : "झाली का?"

घरी बिअर करते म्हटल्यापासून मला दुसरं कुणी काही विचारत नाही. फोनवर "झाली का?", जिन्यात "झाली का?", ताप आलाय म्हणून भेटायला आलेलेही आधी पिंपाकडे बघून "झाली का?" तर एकदाचं सांगते.

नाही. म्हणजे, बहुतेक नाही.

एअरलॉकमधले (झाकणावरची, वायू बाहेर सोडणारी पण हवा आत न घेणारी नळी) बुडबुडे थांबले की झाली, असं तुम्हाला कुणीतरी सांगितलंय. बहुधा मीच. ते विसरा. झाकण जरा सैल असलं की वायू बाजूने निसटतो. आत साखर खाऊन वायू सोडणाऱ्या यीस्टचा धुडगूस चालू आणि एअरलॉक ढिम्म. उलट खोली तापली की काम आटोपलेलं पिंपही बुडबुडायला लागतं. खरं काय ते हायड्रोमीटर सांगतो : तो बिअरमध्ये तरंगून तिची घनता मोजतो, आणि यीस्ट साखर खातं तसा आकडा उतरतो. दोन-तीन दिवस आकडा हलला नाही, की झाली. मोजायला दर वेळी पेलाभर बिअर काढावी लागते, आणि संसर्गाच्या भीतीने ती परत ओतायची नसते. मग ती मी पिते. "हिला मोजायचा फार नाद," असं घरात बोलतात, त्यात तथ्य आहे.

बाकीचे आरोपही कबूल. दुकानात मी लेबल वाचत नाही, नखाने खरवडून बघते. गोंद गरम पाण्यात सुटणारा आहे का, एवढाच प्रश्न. आणि काच तपकिरीच हवी. पारदर्शक बाटलीत हॉप्सना, म्हणजे बिअर कडू करणाऱ्या फुलांना, उजेड लागला की बिअरला घाणेरडा वास येतो.

पण "झाली का?" ऐकून मी चिडते, त्याचं कारण वेगळं आहे.

मैत्रिणीच्या नव्या घरी बारा बाटल्या न्यायचं कबूल केलं होतं. तिने आठवडाभर रोज विचारलं. बिअर १.०५० ला सुरू झालेली, १.०१० च्या आसपास उतरायला हवी होती. उतरली १.०१८ पर्यंत आणि तिथेच बसली. काल १.०१८, आज १.०१८. आकडा हलत नाही, म्हणजे झाली! नियम मीच सांगितलाय ना? खोली गार होती, यीस्ट नुसतं झोपलं होतं, हे मला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं. तरी फोनवर म्हटलं, "झाली." बाटलीत फेस धरावा म्हणून लिटरला सात ग्रॅम साखर घातली, बाटल्या भरल्या, बुचं ठोकली आणि कपाटात ठेवल्या. घरातल्या सगळ्यात उबदार कपाटात.

दहाव्या रात्री अडीचला धाड! मग दुसरी. मग एकदम दोन. १.०१८ ते १.०१० मधले राहिलेले ते आठ अंक यीस्टने कपाटात पूर्ण केले होते. बाटलीत एरवी असतो त्याच्या दीडपटीहून जास्त वायू, तोही नेहमीच्या वायूवर वरकड. कोटाच्या बाहीत काचेचा त्रिकोण रुतलेला, तळाच्या फळीवरून टप टप, आणि सगळ्या घराला भिजलेल्या माल्टचा वास. हेल्मेट आणि जाडे हातमोजे घालून उरलेल्या आठ बाटल्या मी एकेक करून फ्रिजमध्ये नेल्या, पोटाशी धरून, श्वास रोखून. सकाळी गार झाल्यावर पहिलं बुच सैल केलं तर फेस थेट छताला. तो डाग तुम्ही पाहिलाय. गळतीचा नाही तो.

दोष तुमच्या विचारण्याचा, असं मी बरेच दिवस म्हणत होते. अजूनही थोडं म्हणते. पण "झाली" हा शब्द माझ्याच तोंडून गेला, आणि त्या रात्री कपाटाशी कुणी नसणं हा निव्वळ योगायोग होता. त्यावर मी विनोद करते, कारण दुसरं काय करायचं ते सुचत नाही.

आत्ता कोपऱ्यातल्या पिंपात १.०१४ आहे. कालही तेवढंच होतं. पिंप उबेला हलवलंय, तळाचं यीस्ट हलक्या हाताने ढवळलंय. शनिवारी याच. बिअर तुमची तुम्ही आणा, तपकिरी बाटलीतली.