एडिटर कुठला घेऊ?

कुठला एडिटर वापरू असं कोणी विचारलं की मी उलट विचारतो, कोड लिहिणार कुठे? स्वतःच्या लॅपटॉपवर लिहिणार असाल तर गुपचूप व्हीएस कोड (मायक्रोसॉफ्टचा एडिटर) टाका आणि कामाला लागा. फुकट आहे, २०१५ पासून आहे, हवं ते एक्स्टेंशन मिळतं. फक्त आत क्रोमियम आहे, म्हणजे जवळपास अख्खा ब्राउझरच चालू असतो, त्यामुळे ४ जीबी रॅमच्या जुन्या मशीनवर त्याला धाप लागते. तिथे सब्लाइम हा हलका एडिटर बरा.

पण एसएसएच करून, म्हणजे टर्मिनलमधून लांबच्या सर्व्हरवर लॉगिन करून, काम करायची वेळ येत असेल तर विम हा टर्मिनलमध्ये चालणारा एडिटर शिकाच, निदान जुजबी. तो किंवा त्याचा पूर्वज व्हीआय जवळपास प्रत्येक लिनक्स सर्व्हरवर सापडतोच. यात अक्षरांची बटणंच कमांड असतात; एच जे के एल ने कर्सर हलवायचा हा काय छळ आहे असं सगळ्यांनाच वाटतं, पण बिल जॉयने १९७६ च्या सुमारास व्हीआय लिहिला तेव्हा त्याच्या एडीएम-३ए टर्मिनलवर बाण त्याच चार बटणांवर छापलेले होते, वेगळी ॲरो बटणं नव्हतीच. आता हात बसला की सी, आय आणि डबल कोट दाबायचं, कोटमधला मजकूर गायब आणि लगेच नवीन टाइप करायला मोकळे. माउसला हात लावायचं कामच नाही.

मराठीत स्ट्रिंग्ज (कोडमध्ये कोटात लिहितात तो मजकूर) लिहायच्या असतील तर मात्र विममध्ये डोकं फिरतं. इन्स्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड चालू राहिला आणि खाली जायला जे दाबलं की विमला 'र' मिळतो, आणि तो ढिम्म हलत नाही, प्रत्येक वेळी आधी इंग्रजी कीबोर्डवर यायचं मग कमांड द्यायची. शिवाय बऱ्याच टर्मिनलमध्ये जोडाक्षरं फुटतात, कर्सर दिसतो एकीकडे आणि खोडलं जातं भलतंच. मी मराठीच्या फाइल्स सरळ व्हीएस कोडमध्ये उघडतो, उगाच कशाला शौर्य दाखवायचं.

आणि ऑटोकम्प्लीटसाठी (टाइप करताना पुढचा कोड सुचवला जातो त्यासाठी) एडिटर बदलायचे दिवस गेले बरं का. मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल खुला केला, तेव्हापासून भाषेची समज एडिटरच्या बाहेर वेगळ्या प्रोग्राममध्ये ठेवता येते. पायथॉनचा जो सर्व्हर व्हीएस कोडला सूचना देतो तसलाच निओविमला (विमचा नवा अवतार) पण जोडता येतो, इमॅक्स हा दुसरा जुना एडिटर वापरणाऱ्यांनाही. त्यामुळे सजेशन कुठे चांगली येतात यावर तासभर व्हिडिओ बघण्यापेक्षा बटणं कुठली सोयीची वाटतात ते बघा. थीम नंतर निवडा, कितीही वेळ जातो त्यात.