ब्राउझरात चालतो, टेस्टमध्ये आपटतो

विटा फोडायचा माझा गेम ब्राउझरमध्ये झकास चालतो. चेंडू फळीवरून नीट उडतो का, एवढंच तपासायला जेस्ट हे जावास्क्रिप्टच्या टेस्ट चालवायचं साधन लावलं, तर पहिल्याच ओळीला बोंब: मॉड्यूलबाहेर इम्पोर्ट चालणार नाही! जेस्ट मुळात कॉमनजेएस, म्हणजे इम्पोर्टऐवजी रिक्वायरने फाइली जोडायची जुनी पद्धत, धरून चालतं. एचटीएमएलमधल्या स्क्रिप्ट टॅगवरचं 'टाइप मॉड्यूल' त्याला दिसतच नाही. एवढ्याशा गेमसाठी बेबेलचं, म्हणजे नवा कोड जुन्या रूपात बदलणाऱ्या साधनाचं, लचांड कोण गळ्यात घेणार? पॅकेज डॉट जेसन या प्रकल्पाच्या सेटिंगच्या फाइलीत टाइप मॉड्यूल लिहिलं आणि ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडचाच टेस्ट रनर घेतला. नोडच्या आवृत्ती २० पासून तो स्थिर आहे. इम्पोर्टच्या पत्त्यात शेवटचं 'डॉट जेएस' मात्र गाळायचं नाही.

मग नोडची नवी कुरकुर: डॉक्युमेंट (ब्राउझरमधलं पान) म्हणजे काय? खरी मेख इथेच. टकरीची फाइल उघडताक्षणीच कॅनव्हास, म्हणजे पानावरची गेम रंगवायची जागा, शोधत होती, आणि नोडकडे कुठला कॅनव्हास! टकरीचं गणित वेगळ्या फाइलीत हलवलं. आता टेस्ट धावते आणि फळीच्या कोपऱ्यावर नापास होते, ते बरोबरच आहे.