कराचीतला हिस्सा

गोव्यात बार्देशातलं आमचं घर भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, भाटात उभं आहे. मुंडकार म्हणजे भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणारा; त्या नात्याने घराखालची जमीन विकत घ्यायचा हक्क १९७५ च्या कायद्याने मिळाला. वडिलांनी मुंडकार म्हणून नोंद करून घेतली होती, खरेदीचा अर्ज मात्र माझ्यावर राहिला. एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे गोव्यातल्या जमिनीच्या सर्वे नोंदीवर, भाटकारांच्या भावंडांची नावं होती. त्यातल्या थोरल्याविषयी विचारणा झाली, म्हणून १९६२ सालच्या इन्व्हेंटारीचे, म्हणजे वारसांतल्या वाटणीच्या कार्यवाहीचे, पोर्तुगीज कागद काढले. त्यात त्याचं वास्तव्य लिहिलं होतं: कराची.

यथावकाश चौकशीची नोटीस आली. हा हिस्सा शत्रू संपत्तीत, म्हणजे शत्रू ठरवलेल्या देशाच्या नागरिकांच्या मालमत्तेत, मोडतो का, ते कळवा. नोटीस भाटकारीणबायच्या नावाने होती. ती या भावंडांतली आता एकटीच उरलेली, नव्वदीच्या घरातली. पण जमीन एकत्र असल्यामुळे माझा अर्जही तिथेच थांबला. तिला कचेऱ्यांच्या पायऱ्या चढवत नाहीत, म्हणून धावपळ मी अंगावर घेतली.

गोव्यात हा कायदा काय करतोय, असं मला पहिल्यांदा वाटलं. वकिलांनी समजावलं तेव्हा धागा काश्मीरपर्यंत गेला. ऑगस्ट १९६५ मध्ये काश्मीरच्या शस्त्रसंधी रेषेपलीकडून घुसखोर पाठवले गेले, सप्टेंबरात युद्ध पेटलं आणि १० सप्टेंबरच्या अधिसूचनेने पाकिस्तानी नागरिकांची इथली मालमत्ता सरकारने नेमलेल्या कस्टोडियनकडे गेली. जानेवारी १९६६ च्या ताश्कंद जाहीरनाम्यात दोन्ही देशांनी अशा मालमत्ता परत करण्यावर चर्चा करायचं मान्य केलं होतं. ते घडलं नाही. आपल्याकडे १९६८ चा शत्रू संपत्ती कायदा आला, पाकिस्तानने त्यांच्याकडच्या मालमत्ता विकून टाकल्या. २०१७ च्या दुरुस्तीने आपला कायदा आणखी कडक केला. वारस भारतीय नागरिक असला तरी त्याला शत्रूची मालमत्ता वारशाने मिळत नाही आणि दिवाणी कोर्टात जाता येत नाही. देशाची सुरक्षितता मला कळते. पण जन्मभर याच वाड्यावर राहिलेल्या बहिणीला भावाच्या पत्त्यासाठी जबाबदार धरणं मला अजूनही पटत नाही, आणि हे मी वकिलांनाही सांगितलं.

कराची हे गोंयकारांचं जुनं पोटापाण्याचं गाव. एकोणिसाव्या शतकापासून कारकून, शिक्षक, वादक, आचारी, तारवटी म्हणजे खलाशी तिकडे जात. तिथे त्यांनी संस्था उभ्या केल्या, सिन्सिनाटस टाउन नावाची वसाहत वसवली. फाळणी झाली तेव्हा गोवा पोर्तुगिजांकडे होता, त्यामुळे ही माणसं दोन्ही देशांच्या हिशेबाबाहेर राहिली. उलट भारताने १९५४-५५ च्या सुमारास गोव्याची नाकेबंदी केल्यावर कराचीच जवळ आली. पोर्तुगिजांची विमानं दाबोळीहून कराचीला जात. बायचा भाऊ त्याच मार्गाने शेवटचा घरी येऊन गेला. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि तो मार्ग संपला.

तो १९६३ मध्ये कराचीतच वारला. अविवाहित होता, आईवडील आधीच गेलेले. बातमी लिस्बनच्या नातेवाइकांमार्फत पत्राने आली. इथे चर्चमध्ये मीस, म्हणजे त्याच्यासाठी प्रार्थना, झाली, मृत्यूचा दाखला मात्र कोणी मागवला नाही. तेव्हा कोणाला गरज वाटणार? पुढे सर्वेच्या नोंदीत त्याचं नाव जिवंत माणसासारखं चढलं.

म्हणजे सिद्ध करायच्या गोष्टी दोन होत्या. तो युद्धाआधी वारला, आणि तो कधी पाकिस्तानी नागरिक झालाच नाही. पहिलीला कागद मिळू शकतो. माणसाने एखादी गोष्ट केली नाही याचा कागद कुठून आणायचा? यावर आमचे बरेच दिवस गेले. शेवटी बायच्या कपाटात, लग्नातल्या कपड्यांच्या खाली, त्याचं जहाजावरच्या नोकरीचं पुस्तक सापडलं. राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात पोर्तुगीज लिहिलेलं. त्याला नोंदणी कार्यालयातली जन्मनोंद जोडली आणि दोन्हींची अधिकृत भाषांतरं करून घेतली. मार्च १९६२ च्या नागरिकत्व आदेशाने, २० डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेले लोक भारतीय नागरिक मानले गेले. ज्यांनी महिन्याभरात जुनं नागरिकत्व राखत असल्याचं लेखी कळवलं ते सोडून. वकिलांचा मुद्दा यावरच उभा राहिला: हा माणूस मेला तेव्हा कायद्याने भारतीय होता.

बाय हे सगळं ऐकत होती. म्हणाली, "पुता, तो तारवार वचपाक भायर सरलो, झुजाक न्हय." म्हणजे, बाळा, तो जहाजावर जायला बाहेर पडला, युद्धाला नाही.

उरली दफनाची नोंद. ती कराचीच्या चर्चमध्ये. कराचीतला भारताचा वकिलातीचा दरवाजा १९९४ पासून बंद आहे. टोरांटोला गेलेल्या कराचीकर गोंयकारांपैकी बायचं एक भाचरू होतं, त्याने ओळखीतून चर्चची वही शोधून घेतली. फोटो लगेच आला. मूळ दाखला टपालाने पाठवायचं ठरलं आणि एप्रिल २०२५ मध्ये पहलगामचा हल्ला झाला. अटारी बंद, व्हिसा रद्द, आणि ३ मे रोजी भारताने पाकिस्तानकडून येणारं टपालही थांबवलं. त्या हल्ल्यात मेलेल्यांच्या बातम्या वाचताना आमच्या एका कागदाविषयी बोलायलाही जीव धजत नव्हता. तरी मुदत चालूच होती. शेवटी तो दाखला कराचीहून टोरांटोला गेला आणि तिथून कुरिअरने गोव्यात आला.

सुनावणी मुंबईला झाली. अधिकाऱ्यांनी तारखा दोनदा विचारल्या: मृत्यू १९६३, अधिसूचना १९६५. जहाजाच्या पुस्तकावर ते जास्त वेळ थांबले. बाकी फार काही झालं नाही. काही महिन्यांनी लेखी उत्तर आलं की हा हिस्सा शत्रू संपत्ती नाही.

ज्यांच्या उताऱ्यावर असं कराचीचं नाव आहे त्यांनी नोटिशीची वाट पाहू नये. मृत्यूची किंवा दफनाची नोंद आत्ताच मागवावी, तीही तिसऱ्या देशातल्या नातेवाइकांमार्फत. जुन्या पेट्यांतले पासपोर्ट आणि जहाजाची पुस्तकं टाकू नयेत. आणि मालमत्ता कस्टोडियनकडे गेल्याचा आदेश निघालाच, तर तो मिळाल्यापासून किंवा राजपत्रात प्रसिद्ध झाल्यापासून, जे आधी असेल तेव्हापासून, ३० दिवसांत केंद्र सरकारकडे निवेदन द्यावं लागतं, हे वकिलाला पहिल्याच भेटीत विचारावं.

आमच्याकडे आता त्या भावाच्या वारसांची इन्व्हेंटारी सुरू झाली आहे. टोरांटोच्या भाच्याचं मुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित होऊन आलं, की मामलेदारांकडे माझ्या अर्जाची पुढची तारीख लागेल.