सॉक सेव्हन परवडला

मेनफ्रेमवाल्यांना, म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या अवाढव्य संगणकांवर काम करणाऱ्यांना, 'सॉक सेव्हन' हा एरर (S0C7) समजावून सांगावा लागत नाही. आकड्याच्या जागी भलतंच काही आलं की हिशेब करता करता जॉब आडवा होतो. आमचा क्लायंट अमेरिकेतला, त्यामुळे तिकडची रात्रीची बॅच, म्हणजे ओळीनं आपोआप चालणारे जॉब, म्हणजे पुण्यात ऐन जेवणाची वेळ. प्रीमियमचा जॉब नेमका तेव्हाच अबेंड झाला, म्हणजे मध्येच कोसळला.

डम्पमधून, म्हणजे कोसळतानाच्या मेमरीच्या नोंदीतून, रेकॉर्ड सापडलं. पाच अक्षरांचं फील्ड, त्यात १२५ आणि मागे दोन स्पेस. एब्सिडिकमध्ये, म्हणजे मेनफ्रेमच्या अक्षरांच्या कोडमध्ये, स्पेस म्हणजे हेक्स (सोळाच्या पटीतल्या मोजणीत) ४०: बाइटचा वरचा अर्धा ४, खालचा ०. हिशेबासाठी आकडा पॅक करताना, म्हणजे आटोपशीर रूपात आणताना, शेवटच्या बाइटचा वरचा अर्धा भाग अधिक-वजाचं चिन्ह म्हणून उचलतात. तिथे सी, डी, एफ असं काही हवं, आला ४. हेच स्पेस आकड्याच्या आधी असते तर जॉब निमूट पुढे गेला असता, कारण बाकीच्या बाइटचा खालचाच अर्धा घेतात आणि तो शून्य असतो.

एका सीनियरनं सुचवलं, "अरे, इन्स्पेक्ट लाव, सगळ्या स्पेसचे शून्य कर आणि रीस्टार्ट मार." (इन्स्पेक्ट ही कोबॉल या मेनफ्रेमच्या भाषेतली अक्षरं बदलायची आज्ञा.) जॉब धावला असता हो, पण १२५ चे १२५०० होऊन! ते रेकॉर्ड बाजूला काढलं आणि जॉब पुढे नेला.

मग जुन्या फाइली चाळल्या, तर खरा घोळ तिथे होता. एका रकमेत १२० मधल्या शून्याऐवजी कोणीतरी इंग्रजी ओ टाइप केलेला. ओ म्हणजे हेक्स डी६, म्हणजे प्रोग्रॅमच्या लेखी उणे १२६. अबेंड नाही, वॉर्निंग नाही. फील्ड एस-नाइन, म्हणजे चिन्हासकट आकड्याचं, असल्यामुळे न्यूमेरिकची चाचणीसुद्धा पास, कारण डी हे वजाचं रीतसर चिन्ह. यापेक्षा मला सॉक सेव्हन कधीही परवडला. निदान बोंब तरी मारतो.

आता फील्ड आधी पिक एक्स, म्हणजे नुसती अक्षरं, म्हणून वाचतो. त्यावरच्या न्यूमेरिक चाचणीत फक्त शून्य ते नऊ चालतात, चिन्हबिन्ह नाही. नापास झालं तर कडेचे स्पेस सोडून एकेक अक्षर तपासायचं आणि सगळं धड असेल तरच न्यूमव्हल, म्हणजे अक्षरांचा आकडा करून देणारं फंक्शन. स्पेस, चिन्ह, दशांश त्याला कळतात, पण कचरा दिला तर उत्तराचा भरवसा नाही. उरलेलं रिजेक्ट फाइलमध्ये, मूळ बाइट हेक्समध्ये छापून, कारण नुसत्या डोळ्यांना ओ आणि शून्य सारखेच.

रिजेक्ट फार येतात म्हणून क्लायंटनं आधी कुरकुर केली. मग त्यांनीच फाइल पाठवणाऱ्यांना आकडे उजवीकडे सरकवून, पुढे शून्य भरून पाठवायला लावलं. स्पेस थांबले. ओ अजून अधूनमधून येतो.