ॲब्सोल्युट बॅटमॅन आणि डायनाचा हात

ऑक्टोबर २०२४ ला डीसीची ॲब्सोल्युट बॅटमॅन ही कॉमिक मालिका, म्हणजे बॅटमॅनची नव्याने रचलेली गोष्ट, सुरू झाली तेव्हा मला वाटलं होतं परत तेच, परत ओरिजिन, म्हणजे तो बॅटमॅन कसा झाला तेच, पण नाही यार, यांनी ब्रूसचा, म्हणजे बॅटमॅनचा, पैसाच काढून घेतलाय, हवेली नाही, वाढवायला तो नेहमीचा बटलर आल्फ्रेड नाही, हा साधा इंजिनिअर आणि एरवी त्याच्या लहानपणीच मारली जाणारी आई मार्था चक्क जिवंत आहे! त्यामुळे प्रत्येक मारामारीत जीव टांगणीला लागतो कारण घरी कोणीतरी वाट बघतंय. आणि निक ड्रॅगोटाची चित्रं काय सांगू, छातीवरचं ते भलंमोठं वटवाघळाचं चिन्ह उपटून ब्रूस त्याची कुऱ्हाड करतो, ते पान मी किती वेळ बघत बसलेय.

पण खरं सांगते, माझ्यासाठी याच मालिकांमधली ॲब्सोल्युट वंडर वुमन त्याच्याही वर आहे. डायना, म्हणजे वंडर वुमन, नरकात वाढली, सर्सी नावाच्या चेटकिणीने वाढवली, तरी मनाने एवढी मऊ. नरकात अडकलेल्या स्टीव्हला तिथून बाहेर काढायला ती स्वतःचा हात कापून देते, कसलाही गाजावाजा न करता. तिथे मी रडले. ॲब्सोल्युट सुपरमॅन ठीक चाललंय, जरा संथ वाटतं.

आता एकच मागणं, सगळ्या हिरोंना एकत्र आणणाऱ्या मोठ्या क्रॉसओव्हरसाठी या गोष्टी मधेच तोडू नका, मार्थाला तर हातच लावू नका.