उजवा कान आणि डावीकडची खिडकी

घरात पोर्ट्रेट, म्हणजे माणसाच्या चेहऱ्याचा फोटो, काढायला शिकणाऱ्यांची तक्रार ठरलेली असते: प्रकाश कमी पडतो. बहुतेकदा प्रकाश असतो भरपूर, माणूस भलतीकडे बसवलेला असतो. त्यामुळे वर्गाच्या शेवटी मी एकेकाच्या घरी जातो. ज्या खोलीत फोटो बिघडतात, तिथेच ते सुधारायला हवेत.

अशाच एका विद्यार्थिनीनं आजोबांचे फोटो आणले होते. खुर्ची खिडकीशेजारीच होती, तरी प्रत्येक फोटोत तेच: कान आणि गाल लख्ख, डोळ्यांच्या जागी दोन खड्डे. उपाय म्हणून तिनं आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता, ६४०० पर्यंत नेला होता आणि दुसऱ्या बाजूनं टेबललॅम्प लावला होता. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात: पिवळा बल्ब साधारण २७०० केल्विनचा आणि दिवसाचा उजेड ५५०० च्या आसपास. व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून कॅमेरा करतो ती रंगाची जुळवणी, दोघांचं एकाच वेळी ऐकू शकत नाही. त्यामुळे आजोबांचा एक गाल निळसर, दुसरा भगवा. त्यावर एका व्हिडिओवाल्यानं तिला सॉफ्टबॉक्स, म्हणजे उजेड मऊ करणारा कापडी खोका लावलेला दिवा, घ्यायला सांगितला होता. या मंडळींना खोलीत खिडकी आहे का, एवढंही विचारावंसं वाटत नाही.

गेल्या गेल्या सगळे दिवे बंद केले. खुर्ची भिंतीपासून चार-पाच फूट पुढे ओढली, म्हणजे मागची भिंत धूसर होते आणि कपाटाची कड डोक्यातून उगवल्यासारखी दिसत नाही. विद्यार्थिनी कॅमेऱ्यासोबत आलेली किट लेन्स १८ मिलिमीटरवर, म्हणजे सगळ्यात रुंद कोनावर, ठेवून आजोबांच्या नाकाशी उभी राहत होती. खोली लहान आहे, म्हणाली. तिला दारात उभं केलं आणि लेन्स ५० वर आणायला लावली. नाक मोठं दिसतं ते जवळ गेल्यामुळे, लेन्सचा त्यात दोष नाही. पण १८ वर चेहरा फ्रेमभर घ्यायचा तर जवळ जावंच लागतं. लेन्सचं छिद्र एफ ५.६, शटर सेकंदाचा १/१२५, आयएसओ १६००. खिडकीशेजारी एवढं पुरतं.

तरीही डोळे काळेच.

मग मी कॅमेऱ्याकडे बघणं सोडलं आणि आजोबांकडे बघत बसलो. ती ‘आजोबा, इकडे बघा ना’ म्हणाली की ते मान डावीकडे वळवायचे, म्हणजे खिडकीला पाठ देऊन. ती गप्प झाली की मान हळूहळू सरळ. पुन्हा बोलली, पुन्हा डावीकडे.

‘आजोबा, ऐकू कुठल्या कानानं येतं?’

‘उजव्या. डावा गेला केव्हाच.’

नातीला हे अर्थातच माहीत होतं. घरात सगळे त्यांच्या उजव्या बाजूनंच बोलतात. पण त्याचा फोटोशी संबंध असेल असं तिच्या डोक्यात आलं नव्हतं, आणि कुठल्या पुस्तकात तसं लिहिलेलंही नसतं.

त्यांना सरळ बसायला सांगण्यात अर्थ नव्हता. मान आखडून बसले असते. आम्ही खुर्ची उलट्या दिशेला फिरवली. आता खिडकी त्यांच्या डावीकडे. ती बोलली, ते ऐकायला वळले आणि वळले ते थेट उजेडात. दोन्ही डोळ्यांत खिडकीचा ठिपका चमकला. कॅमेऱ्याकडचा गाल सावलीत, त्यावर डोळ्याखाली उजेडाचा छोटा त्रिकोण. सावली जरा जड वाटली म्हणून त्या बाजूला खिडकीचा उजेड परत चेहऱ्यावर टाकायला थर्माकोलचा पांढरा तक्ता धरला, तोही हातभर लांबच. जवळ आणला की चेहरा सपाट होतो. नजर ज्या बाजूला, त्या बाजूला फ्रेममध्ये मोकळी जागा सोडायला लावली. पोर्ट्रेट उत्तम आलं. मी खूश.

तिनं मोठा करून घेतला तो मात्र दुसराच फोटो. आधीच्या, खिडकीकडे पाठ असलेल्या फोटोंपैकी. आजोबा पुढे झुकलेत, कान तिच्याकडे, तोंड किंचित उघडं. डोळ्यात चमक नाही, सावलीत नॉइज, म्हणजे दाणे दाणे, नाकाचं टोक पलीकडच्या गालाची रेघ ओलांडून बाहेर आलंय. मी हे सगळं तिला ऐकवलं.

‘सर, ते माझं असंच ऐकतात.’

तो फोटो मी आता वर्गात त्या उत्तम पोर्ट्रेटच्या जोडीला दाखवतो आणि चुका काढायला सांगतो. चुका सगळ्यांना सापडतात, पण त्या जोडीतला तोच फोटो लोक पुन्हा बघायला मागतात. मला ते नाक अजून टोचतं. कॅमेरा उजवीकडे फूटभर सरकला असता तर ते गालाच्या आत राहिलं असतं. पण ती सरकली असती तर आवाज सरकला असता, आणि आजोबा तेवढेच आणखी वळले असते. बोलणारा एक आणि फोटो काढणारा दुसरा, असंच ते जमतं. बोलायला मी बसू शकलो असतो. पण मग आजोबा माझं ऐकत बसले असते.